एक लाख तीन पानांची पंगत

खुळखुळ. खुळखुळ. मग जरा थांबून, एकदाच, खुळ्.

हा आवाज मी फार लहान असताना ऐकला. दिवस मावळत होता. आम्ही भुईमुगाच्या शेताच्या कडेला बसलो होतो. मी घाबरून वडिलांचा हात धरला. ते म्हणाले, "साळिंदर चाललंय. त्याचे काटे वाजतायत. भिऊ नकोस. कुणाला चुकून टोचू नये म्हणून बिचारं वाजत वाजत चालतं."

ते खरं की खोटं, मला माहीत नाही. पण एका साळिंदराची गोष्ट मला माहीत आहे. या, जवळ बसा. असे लांब लांब नका बसू.

एका जंगलात एक लाख तीन जनावरं राहत होती.

एवढी नेमकी कुणी मोजली, असं विचारू नका. मोजली, त्याचीच ही गोष्ट आहे.

त्या जंगलात दर वर्षी मोहाची फुलं गळाली की पंगत बसायची. मधोमध मोहाचं थोरलं झाड होतं. त्याच्याभोवती सगळे गोल करून बसायचे. वाघाशेजारी ससा, सशाशेजारी घोरपड. त्या दिवशी कुणी कुणाला खायचं नाही, असा रिवाज होता. सिंहसुद्धा फुलंच खायचा. त्याला ती पचत नसत. दुसऱ्या दिवशी तो पोट धरून पडून राहायचा, आणि जंगलाला आणखी एक दिवस सुट्टी मिळायची.

दुसरा रिवाज असा, की शेवटच्याचं पान वाढून होईपर्यंत पहिल्यानं घास उचलायचा नाही. हा रिवाज तुमच्या घरच्या लग्नकार्यातही असेल. चांगला आहे. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या पंगतीची सगळ्यात जास्त वाट कोण बघायचं? नाना साळिंदर.

नाना स्वभावानं गरीब. पण अंगभर काटे. त्याच्याशी सगळे बोलायचे, पण हातभर लांबून. पंगतीच्या दिवशी मात्र जागा थोडी आणि जनावरं फार. त्या दाटीत कुणाचा ना कुणाचा खांदा नानाच्या खांद्याला लागायचाच. बहुतेक वेळा तो खवलाबाईचा असायचा. खवलाबाई म्हणजे खवल्या मांजर. तिच्या अंगावर खवल्यांचं चिलखत. तिला काट्यांचं काही वाटत नसे.

"नाना, सरका की जरा."

"टोचेल हो, बाई."

"टोचू दे. मला काय गादीवर बसायची सवय आहे?"

एवढंच बोलणं. त्यावर नाना वर्षभर जगायचा.

एका वर्षी गिधाड शेजारच्या जंगलावरून उडत आलं. ते थेट महाराजांकडे गेलं. महाराजांचं नाव आयाळराव.

"महाराज, शेजाऱ्यांची पंगत पाहिली. वरून असं वाटतं, जणू नांगराचे तास. सगळ्या ओळी सरळ, सगळ्या सारख्या."

"आणि आपली?"

गिधाडानं मान खाली घातली. "सांडलेल्या डाळीसारखी, महाराज."

हे आयाळरावांना लागलं. तुम्ही म्हणाल, वरून बघणारं ते एकटं गिधाड. बाकीचे तर सगळे जमिनीवर. पण राज्य करणाऱ्याला जमिनीवरून कसं दिसतं याची काळजी नसते. ते काम जमिनीवरच्यांचं.

धनेशपंडितांना बोलावणं गेलं. धनेश पक्ष्याची चोच केवढी असते, पाहिलीत ना? पंडितांची त्याहून मोठी. ते गप्प बसले तरी विद्वान वाटायचे. त्यामुळे बोलताना त्यांना कुणी अडवत नसे.

"महाराज, सारख्या पंगती बसवू," पंडित म्हणाले. "प्रत्येक पंगतीत सारखी पानं. कुणी कमी नाही, कुणी जास्त नाही, कुणी उरलेलं नाही. पंक्तिप्रपंच मुळापासून नाहीसा!"

महाराजांना शेवटचा शब्द फार आवडला.

मग मोजणी सुरू झाली. मोजताना आकडा हलू नये म्हणून दवंडी पिटली, की पंगत उठेपर्यंत कुणी जन्मायचं नाही आणि कुणी मरायचं नाही. एक हरिणी म्हणाली, "अहो, माझे दिवस भरलेत." तरस हवालदार म्हणाला, "मग ओतून दे थोडे." एक म्हातारं वानर त्याच सकाळी मरायला टेकलं होतं. त्याला सांगितलं, "आजोबा, तुम्हाला धरून मोजलंय. आता मध्येच उठू नका." वानर म्हणालं, "बरं बाबा. पण आटपा लवकर."

मुंग्यांना मोजलं नाही. त्यांनी तक्रार केली नाही. त्यांची रांग आधीपासून सरळच होती.

आकडा निघाला, एक लाख तीन.

"वा!" पंडित म्हणाले. "एवढा मोठा आकडा! याचे कितीही सारखे भाग पडतील."

पानं मांडली. फुलं वाढली. तरस हवालदारानं दंडुका घेऊन सगळ्यांना दोन-दोनांच्या पंगतीत बसवलं. दुपार झाली. सगळे बसले, आणि एक उरला.

नाना उरला होता. उरणारच. तो हळू चालायचा. शिवाय कुणाला टोचू नये म्हणून तो आधी सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचा.

"ए काटेवाल्या, तुझी जोडी कुठाय?" हवालदार ओरडला.

"जोडी नाही, साहेब."

"जोडी नाही? मग आलास कशाला?"

पंडित म्हणाले, "हरकत नाही. तीन-तीन बसवा."

सगळे उठले. पुन्हा बसले. एक उरला. नाना.

"चार-चार बसवा!"

या वेळी तीन उरले. नाना, खवलाबाई, आणि तिसरा खुद्द तरस हवालदार. सगळ्यांना बसवता बसवता तो स्वतः बसायचा राहिला होता. पोरं हसली. माकडं तर फांदीवरून पडायची बाकी राहिली.

"चार हा आकडाच बरोबर नाही," हवालदार म्हणाला.

पाच-पाच बसवले. पुन्हा तेच तिघं. हवालदारानं नानाकडे असं पाहिलं, की याचा रोग आता पसरायला लागलाय.

सहानं बसवलं. एक उरला. सातानं बसवलं. एक उरला. पंडितांनी अकरा लावून पाहिले, तेरा लावून पाहिले, सतरा लावून पाहिले. दर वेळी कुणी ना कुणी उरायचं. आणि उरलेल्यांत बाकी कुणीही असो, नाना असायचाच.

मुलांनो, मी शाळा फार शिकलो नाही. पण पुढे एका मास्तरांनी मला सांगितलं, की असे काही आकडे असतात. त्यांना मूळ संख्या म्हणतात. त्यांना दुसऱ्या कशानंच भाग जात नाही. एक लाख तीन हा तसलाच हट्टी आकडा. एवढ्या जणांना सारखं बसवायचे दोनच मार्ग. सगळे मिळून एकाच पंगतीत बसा, नाहीतर जो तो एकटा एकटा बसा. तिसरा मार्ग नाही.

खवलाबाईला मास्तर भेटले नव्हते. तरी ती म्हणाली, "अहो पंडित, मग पूर्वीसारखे एकाच गोलात बसू की. गोलात कोण उरतंय?"

"गोल ही मागासलेली पद्धत आहे," पंडित म्हणाले. "त्यात पहिला कोण हेही कळत नाही."

इकडे फुलं सुकायला लागली. कुणी घास उचलला नव्हता. रिवाज होता ना! पोरं रडायला लागली. सशाकडे बघता बघता वाघाच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि ते सशाला दिसलं. वानर म्हणालं, "मला थांबणं जड जातंय."

शेवटी पंडितांनी महाराजांच्या कानात सांगितलं, "आकडा सुधारायला हवा. आकड्यात काही खोट नाही. फक्त तो एकानं जास्त आहे."

महाराज उठले. नानाजवळ आले. म्हणजे हातभर लांब थांबले.

"नाना, तुला कुणी जा म्हणत नाही."

"हो, महाराज."

"तू चांगला आहेस."

"हो, महाराज."

"तू फक्त नसायला हवास."

नानानं थोडा विचार केला. "मी गेलो तर पोरं जेवतील ना?"

"लगेच!"

"मग जातो. माझं पान तेवढं..."

"पाठवू! ओढ्यापलीकडे पाठवू. सगळ्यात पहिलं पान तुझं!" महाराज म्हणाले. ते मनापासून म्हणाले. महाराज नेहमी मनापासूनच बोलायचे.

खुळखुळ करत नाना ओढ्यापलीकडे गेला आणि एका जांभळीखाली बसला.

इकडे पंडितांनी पुन्हा आकडा केला. एक लाख दोन. दोन-दोन बसवले. बाकी शून्य! हौस म्हणून तीन-तीन बसवले. बाकी शून्य! सहा-सहा, बाकी शून्य! सात-सात, बाकी शून्य! वरून गिधाडानं पंख हलवून खूण केली. नांगराचे तास! महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. पंडितांचा सत्कार झाला. हार घालताना तो चोचीत अडकला, तेव्हा दोन हार घालून सत्कार समान केला.

सगळे जेवले. नानाच्या पानाची सगळ्यांना आठवण होती. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं नेलं असेल.

संध्याकाळी खवलाबाई आपल्या पानातली निम्मी फुलं घेऊन ओढ्यापलीकडे गेली. नाना तोंड धुऊन वाट बघत बसला होता.

"झाली ना पंगत नीट?" त्यानं विचारलं.

"फार नीट झाली," ती म्हणाली. "गिळवत नव्हतं."

दोघांनी फुलं खाल्ली. मग ती उठली. "मी इथंच राहिले असते, नाना. पण मी उठले की माझ्या जोडीचा उंदीर उरतो. त्याला लहान लहान पोरं आहेत."

"जा, बाई. उंदराला एकट्यानं झेपायचं नाही."

ती गेली.

आता इथं गोष्ट संपायला हवी होती. पंगत सरळ झाली, राजा खूश झाला. पण आयाळरावांना दोन मुलगे होते.

त्या दोघांना कधीपासून वाटणी हवी होती. पण जंगलाचे दोन भाग करायला गेलं, की एक उरायचा. मग भांडण. तो एक दोघांनाही हवा होता म्हणून नव्हे. तो एक दोघांनाही नको होता म्हणून. इतकी वर्षं वाटणी त्या एकावर अडून होती. पंगत बघताना धाकट्यानं थोरल्याला कोपरानं ढोसलं.

"दादा, बाकी शून्य."

"ऐकलं मी."

दुसऱ्या दिवशी दोघं महाराजांपुढे उभे राहिले. महाराज पोट धरून पडले होते. म्हणाले, "करा काय करायचं ते. पण सारखं करा."

झाले दोन भाग. तेव्हा वाघिणीच्या तिन्ही मुली आल्या. "तीननंही भाग जातो. मग आम्ही काय घोडं मारलंय?" झाले त्या दोन्हींचे तीन-तीन. मग सात टेकड्यांचे सात म्होरके आले. त्यांच्या हातात पंडितांचाच हिशोब होता. "सातानंही जातो." झाले प्रत्येकाचे सात.

बे त्रिक सहा, साती सक बेचाळीस. बेचाळीस राज्यं झाली. प्रत्येकात तेवीसशे एक्क्याऐंशी जनावरं. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. पंडित आनंदानं रडले. एवढी न्यायाची वाटणी कुणी पाहिली नव्हती.

मग बेचाळीस राजांनी आपापली पंगत मांडली.

दोन-दोन बसवले. एक उरला. तीन-तीन बसवले. दोन उरले. सात-सात बसवले. पुन्हा एक उरला. अकरा लावले, तेरा लावले. काही केल्या जमेना. मुलांनो, तेवीसशे एक्क्याऐंशी हा आकडासुद्धा त्याच जातीचा निघाला. हट्टी बापाचं हट्टी लेकरू.

पण आता कुणाला काळजी नव्हती. उपाय माहीत होता. बेचाळीस राज्यांनी एकेक जण ओढ्यापलीकडे पाठवला.

त्या राज्यांत मागे राहिले तेवीसशे ऐंशी. या आकड्याला दोननं, चारानं, पाचानं, सातानं, दहानं, कशाकशानं भाग जातो. त्या राज्यांचं पुढे काय झालं ते मी सांगत नाही. घरी जाऊन भागाकार करा.

ओढ्यापलीकडे नाना जांभळीखाली बसला होता. तिथं एकेक जण यायला लागला. पहिला आला तरस हवालदार. नव्या राज्यातही तो सगळ्यांना बसवता बसवता राहिला होता. "कायदा म्हणजे कायदा," तो म्हणाला आणि दंडुका मांडीवर घेऊन बसला. मग ती हरिणी आली. तिचे दिवस अजून भरलेलेच होते. मग वानर आलं. "इथं तरी मरता येईल का?" त्यानं विचारलं. नाना म्हणाला, "आलाच आहात तर जेवून जा." मग उंदीर आला. त्याच्या मागोमाग खवलाबाई आली. ती आपल्या राज्यात आपसूक उरली होती, की शेजारच्या राज्यातून उंदीर गेल्याचं कळल्यावर मुद्दाम मागे राहिली होती, ते कुणी विचारलं नाही.

सगळ्यात शेवटी धनेशपंडित आले. त्यांच्या राज्यात ते मोजत होते आणि उभ्यानं मोजणारा एकटा उरतो, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"पंडित, या," नाना म्हणाला. आणि सरकून त्यानं जागा केली.

तिथं उंबराची फळं खूप पडायची. सगळे गोल करून बसायचे. रिवाज तोच, शेवटचा बसेपर्यंत घास नाही. पण गोलात शेवटचा कोण ते कळायचं नाही. म्हणून सगळे एकदमच जेवायचे. नानाच्या एका खांद्याला खवलाबाईचा खांदा लागायचा. दुसऱ्या बाजूला पंडित. ते "आई गं" म्हणायचे, पण बसायचे.

असे थोडे दिवस गेले. चांगले गेले.

एकदा जेवण व्हायचं होतं. पंडितांचं पोट आदल्या दिवशीचंच भरलेलं होतं, आणि पोट भरलं की त्यांना सुचायला लागायचं. त्यांनी चोच फिरवून सगळ्यांकडे पाहिलं.

"त्रेचाळीस," ते म्हणाले.

हवालदाराचा हात दंडुक्यावर गेला.

"वाईट आकडा आहे. कशानंच भाग जात नाही. बेचाळीस असते तर दोननं गेला असता, तीननं, सहानं, सातानं..."

"पण पंडित," उंदीर हळूच म्हणाला, "इथं आपण सगळे उरलेलेच आहोत ना?"

"म्हणूनच! उरलेल्यांची पंगत तरी शिस्तीत दिसायला नको? लोक म्हणतील, हे त्याच लायकीचे होते."

तरस हवालदार दंडुका घेऊन उठलासुद्धा. वानर म्हणालं, "पुन्हा थांबायचं का?" हरिणी खाली बघत राहिली. वर आभाळात गिधाड फिरत होतं. सगळ्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी नानाकडे पाहिलं. कुणी तसं ठरवलं नव्हतं. सवय होती.

नानानं हातातलं उंबर पानावर ठेवलं. या वेळी त्यानं काही विचारलं नाही. तो उठला आणि चालायला लागला. खुळखुळ. खुळखुळ.

"बेचाळीस!" पंडित ओरडले. "बसा, बसा. दोन-दोन!"

हवालदारानं सगळ्यांना बसवलं. या वेळी तो स्वतः आधी बसला. सगळ्यांच्या जोड्या झाल्या, आणि एक उरला. धनेशपंडित.

"असं होणारच नाही!" पंडित म्हणाले. "तीन-तीन बसा!"

तीन-तीन बसले. दोन उरले.

पंडितांनी चोचीनं एकेकाला टोचून मोजलं. एकेचाळीस. पुन्हा मोजलं. एकेचाळीस. आणि एकेचाळीसला दोननं नाही, तीननं नाही, कशानंच भाग जात नव्हता.

"कोण उठलं?" पंडित किंचाळले. "न सांगता कोण उठलं, बोला!"

कुणाला माहीत नव्हतं. खवले काट्यांसारखे वाजत नाहीत. नानाच्या पानाशेजारी एक पान होतं. त्यावरची उंबरं तशीच होती.

लांब टेकडीच्या चढावर खुळखुळ ऐकू येत होती. मग ती जरा थांबली. मागून कुणीतरी चढ चढून येत होतं. खवलाबाई पोचली, नानाच्या खांद्याला खांदा लावला, आणि दोघं टेकडीपलीकडे उतरली. 

तात्पर्य : बाकी शून्य आली म्हणजे गणित बरोबर आलं, असं समजावं. पंगत कुठं गेली, हे विचारू नये. त्याला मार्क नसतात.